आपला या संस्थेशी काय संबंध?

ही घटना दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. माळव्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर मी त्या वेळी मानद सदस्य होतो. एके रात्री दवाखाना आटोपून घरी आल्यावर विकिपीडियावरील त्या रुग्णालयाचा इंग्रजी लेख सहज म्हणून उघडला. लेख लहानच होता. स्थापनेचे वर्ष, संस्थापकांचे नाव, विभागांची यादी आणि शेवटी एक वाक्य. शासनाकडून सवलतीत मिळालेल्या जमिनीच्या बदल्यात निर्धन रुग्णांसाठी ज्या खाटा विनामूल्य राखून ठेवावयाच्या, त्या हे रुग्णालय पूर्णपणे देत नाही, असे एका स्थानिक वृत्तपत्राने म्हटल्याचा त्यात उल्लेख होता. खाली बातमीचा दिनांकही दिलेला होता.

ते वाक्य मला झोंबले. बातमी आली त्या सुमारास सामान्य कक्षाची दुरुस्ती चालू होती व त्यामुळे काही खाटा बंद होत्या, हे मला ठाऊक होते; बातमीदाराला ते ठाऊक नसावे. पूर्वी कधीतरी हौसेने मी एका टोपणनावाने विकिपीडियावर खाते उघडले होते. त्या खात्यातून मी ते वाक्य पुसून टाकले आणि कारणाच्या रकान्यात ‘चुकीची माहिती काढली’ असे लिहिले. संस्थेची एक लहानशी सेवाच आपल्या हातून घडली, अशा समाधानात झोपी गेलो.

सकाळी पाहतो तो वाक्य जागच्या जागी परत आलेले. माझ्या नावाने एक निरोपही होता. कोणा अपरिचित संपादकाने अत्यंत सौजन्याने लिहिले होते की, काढलेल्या वाक्याला वृत्तपत्राचा आधार आहे. ते चुकीचे असेल तर तसा पुरावा चर्चापानावर मांडावा. आणि शेवटी एक प्रश्न होता : आपला या संस्थेशी काही संबंध आहे काय?

प्रथम राग आला. कोण कुठला हा मनुष्य, आणि मला प्रश्न विचारतो! परंतु राग ओसरल्यावर जाणवले की, हाच प्रश्न मी स्वतः गेली अनेक वर्षे इतरांना विचारत आलो आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी एखाद्या संशोधनाचे गुळगुळीत कागदावरील पुनर्मुद्रण पुढे ठेवतो, तेव्हा ‘या अभ्यासाचा खर्च कोणी केला?’ असे विचारल्याशिवाय मी ते वाचावयास घेत नाही. तोच प्रश्न आपल्यावर उलटला तेव्हा मात्र तो उद्धटपणाचा वाटला. त्या दिवसापासून या विषयाचा मी जो पाठपुरावा केला, त्यातील काही भाग आपल्या संस्थेच्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू आहे.

सहीचा ज्ञानकोश आणि बिनसहीचा ज्ञानकोश

ज्ञानकोश ही मराठी माणसाला अपरिचित गोष्ट नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरे केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले व १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. विश्वकोशातील नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते. त्यामुळे अमुक मत कोणाचे आहे, त्या लेखकाचा अधिकार कोणता, आणि त्याचे हितसंबंध कोठे गुंतलेले असू शकतील, याचा अंदाज जाणत्या वाचकाला बांधता येतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तो याच्या अगदी उलट पायावर. तेथे कोणीही लेख लिहू शकतो, कोणीही दुसऱ्याचा मजकूर बदलू शकतो, आणि लेखाखाली कोणाचीही सही नसते. सहीची उणीव भरून काढण्यासाठी तेथे दोन सोयी आहेत. प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ जपून ठेवलेला असतो. कोणत्या खात्यातून, कोणत्या दिवशी, कोणता शब्द घातला वा काढला, हे तेथे पाहता येते. दुसरी सोय म्हणजे लेखाला जोडलेले ‘चर्चापान’; वाद असेल तर तो तेथे मांडावयाचा. लेखातील विधानास प्रकाशित आधार हवा, मांडणी तटस्थ हवी, आणि स्वतःचे अप्रकाशित संशोधन तेथे घालू नये, हे तीन नियम सर्वांना सारखेच लागू असतात.

ही व्यवस्था चालते ती एका गृहीतावर. ते गृहीत असे की, लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना विषयाची आवड आहे, परंतु त्याच्या निकालात त्यांचा स्वार्थ नाही. ज्या कंपनीविषयी लेख आहे तिचाच नोकर टोपणनावाआड बसून लेख दुरुस्त करू लागला, की हे गृहीत कोसळते. इतिहासात त्याचे टोपणनाव दिसते. त्याचा पगार कोठून येतो, हे दिसत नाही.

२००७ सालचा आरसा

कंपन्यांचे नोकर असे करीत असावेत, हा संशय जुना होता. त्यास पुरावा मिळाला तो ऑगस्ट २००७ मध्ये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने ‘विकिस्कॅनर’ नावाचे एक साधन तयार केले. त्यामागची कल्पना सोपी होती. खाते न उघडता विकिपीडियात बदल केला, तर त्या काळी नावाऐवजी संगणकाच्या जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, नोंदला जाई. कोणत्या संस्थेला कोणते पत्ते दिलेले आहेत, याची यादी जगजाहीर असते. ग्रिफिथने या दोन याद्या एकमेकींशी जुळवल्या. सुमारे साडेतीन कोटी बदल अशा रीतीने तपासता येऊ लागले आणि जगभरच्या वृत्तपत्रांना काही दिवस दुसरा विषय उरला नाही.

मतदान यंत्रे बनविणाऱ्या डीबोल्ड या कंपनीच्या संगणक जाळ्यातून, तिच्या यंत्रांविषयी शंका घेणारे पंधरा परिच्छेद २००५ साली पुसले गेल्याचे आढळले. राजकीय पक्ष, सरकारी खाती, वृत्तसंस्था, कोणीही त्यातून सुटले नाही. परंतु आपणां वैद्यकीय व्यावसायिकांना अधिक अस्वस्थ करावीत अशी उदाहरणे औषध कंपन्यांची होती.

रुग्णहितासाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने दाखवून दिले की, जुलै २००७ मध्ये ॲबट कंपनीच्या संगणकावरून ह्युमिरा, म्हणजे ॲडालिम्युमॅब, या संधिवातावरील औषधाच्या लेखातून मेयो क्लिनिकच्या संशोधकांच्या एका अभ्यासाचा उल्लेख काढून टाकण्यात आला होता. हे औषध तेव्हा ॲबटचे होते. २०१३ पासून ते त्यातून वेगळ्या झालेल्या ॲबव्ही या कंपनीकडे आहे. तो अभ्यास काही किरकोळ नव्हता. २००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला होता. इन्फ्लिक्सिमॅब व ॲडालिम्युमॅब यांच्या नऊ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण करून त्यात असे म्हटले होते की, ही औषधे घेणाऱ्या रुग्णांत गंभीर जंतुसंसर्गाची शक्यता सुमारे दुप्पट, तर कर्करोगाची सुमारे तिप्पट दिसते.

पुढे मोठ्या रुग्णनोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत कर्करोगाचा धोका त्या पहिल्या आकड्याइतका आढळला नाही, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. जंतुसंसर्गाचा इशारा मात्र कायम राहिला. क्षयरोग घरोघरी असलेल्या आपल्या देशात हे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावयाची, हे आज कोणताही संधिवाततज्ज्ञ सांगेल. म्हणजे त्या अभ्यासावर वाद होण्यास जागा होती. परंतु तो वाद नियतकालिकाच्या पानांवर, आकड्यांनी आकडे खोडून व्हावयास हवा होता. रात्रीतून ओळ पुसणे हा वैज्ञानिक वादाचा मार्ग नव्हे.

त्याच संगणकावरून दुसरीही एक गोष्ट काढली गेली होती. मेरिडिया, म्हणजे सिब्युट्रामिन, या वजन कमी करण्याच्या औषधावर बंदी घालावी, अशी मागणी अमेरिकेतील लोकहितवादी संघटनांनी केली होती. तिचा उल्लेख लेखातून नाहीसा झाला. त्यानंतर काय घडले, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. हृदयविकार असलेल्या रुग्णांत या औषधाने हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढते, असे एका मोठ्या चाचणीत दिसून आले; २०१० साली युरोप व अमेरिकेतून आणि २०११ साली भारतातूनही ते हद्दपार झाले. जी मागणी वाचकांच्या दृष्टीआड करण्यात आली, ती पुढे योग्य ठरली. मधल्या वर्षांत हे औषध आपल्यापैकी काहींनी लिहून दिले असेल. मीही दिले आहे.

तिसरे उदाहरण ॲस्ट्राझेनेका कंपनीच्या संगणकाचे. सेरोक्वेल, म्हणजे क्वेटियापिन, घेणाऱ्या किशोरवयीन मुलांत स्वतःला इजा करण्याचे वा आत्मघाताचे विचार वाढू शकतात, अशा अर्थाचा मजकूर तेथून काढला गेल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. या औषधाच्या अमेरिकेतील माहितीपत्रकावर तरुण रुग्णांतील आत्मघाती विचारांविषयीचा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो.

चौथे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे. डाऊ केमिकल कंपनीच्या जाळ्यातून, तिच्याविषयीच्या लेखातला भोपाळ वायुकांडाचा मजकूर काढण्यात आल्याचे वृत्तपत्रांत आले. युनियन कार्बाइड २००१ साली डाऊच्या मालकीची झाली होती. डिसेंबर १९८४ मध्ये मी पदव्युत्तर विद्यार्थी होतो व काही दिवस भोपाळला मदतीसाठी गेलो होतो. रुग्णांचे डोळे, त्यांची छाती, त्यांचा तो श्वासासाठीचा आकांत यांविषयी येथे लिहीत नाही. ते पाहिलेले अनेक ज्येष्ठ आपल्या संस्थेत आहेत. परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दिवसांत आम्हांला सर्वांत अधिक उणीव भासली ती माहितीची. वायूचे नेमके स्वरूप काय, त्याचा शरीरावर परिणाम कसा होतो, त्यावर उतारा आहे की नाही, हे सांगणारा मनुष्य समोर नव्हता. आणि ज्यांनी सांगावयाचे ते आखडते घेत होते. म्हणून त्याच दुर्घटनेचा उल्लेख एका ज्ञानकोशातून कोणीतरी पुसू पाहिला, हे वाचले तेव्हा मला ती क्षुल्लक खोडी वाटली नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आयपी पत्ता जाळे दाखवितो, माणूस दाखवीत नाही. तो बदल कंपनीच्या आदेशाने झाला, की एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्याच मनाने जेवणाच्या सुट्टीत केला, हे त्यावरून ठरत नाही. मला स्वतःला दुसरी शक्यता अधिक पटते, कारण मला तरी कोणी आदेश दिला होता? ज्या संस्थेचे अन्न आपण खातो किंवा जिच्यासाठी आपण राबतो, तिच्यावरील टीका आपल्याला आपोआपच ‘चुकीची माहिती’ वाटू लागते. लबाडी करणारा मनुष्य आपण काय करीत आहोत हे जाणून असतो. निष्ठावान माणसाला ते कळतही नाही. हितसंबंधांचा संघर्ष हा अप्रामाणिकपणाचा आरोप नव्हे. तो एका परिस्थितीचे वर्णन आहे, आणि सज्जन माणूसही त्या परिस्थितीत सापडतो.

आतल्या माणसाची बाजू

आता दुसरी बाजू. संस्थेविषयी सर्वांत अधिक माहिती आतल्या माणसालाच असते. मग त्यालाच दूर ठेवावयाचे, हा कोणता न्याय? शिवाय लेखात खरोखरच खोटे लिहिलेले असेल तर त्याने हात बांधून बसावे काय?

हा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेनथॉलर यांच्या चरित्रात २००५ साली कोणीतरी थट्टेने लिहिले की, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय एकेकाळी घेतला जात होता. हे धादांत असत्य चार महिन्यांहून अधिक काळ तेथे राहिले. केनेडींच्या सहवासात काम केलेल्या वृद्ध गृहस्थाला ते वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. अशा प्रसंगी पीडित व्यक्तीने वा तिच्या वतीने कोणी तो मजकूर तत्काळ काढला, तर कोणी दोष देणार नाही. विकिपीडियाचे संकेतही निव्वळ खोडसाळपणा दूर करण्यास आडकाठी करीत नाहीत.

परंतु धादांत खोटे आणि अप्रिय, यांत अंतर आहे. आणि ते अंतर मोजण्याचे काम संबंधित व्यक्तीकडे देता येत नाही. खुद्द विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्या चरित्रातील मजकूर वारंवार बदलून लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख काढल्याचे डिसेंबर २००५ मध्ये उघडकीस आले. आपण जे केले ते करावयास नको होते, असे त्यांना जाहीरपणे कबूल करावे लागले. ज्याने घर बांधले त्यालाही स्वतःच्या खोलीचे मूल्यमापन नीट करता आले नाही, तेथे इतरांची काय कथा?

मग आतल्या माणसाने करावे तरी काय? याचे एक चांगले उत्तर कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या प्रकरणात सापडते. आपल्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीच्या प्रेरणेविषयी विकिपीडियाने चुकीचे लिहिले आहे, अशी त्यांची तक्रार होती. लेखक स्वतःच सांगत असूनही त्यांच्याकडे अन्य प्रकाशित आधार मागण्यात आला. रॉथ चिडले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये स्वतःच्या नावाने विस्तृत खुले पत्र लिहिले. ते प्रसिद्ध होताच त्यांचे म्हणणे आधार म्हणून लेखात आले. तेव्हा या प्रसंगाची पुष्कळ चेष्टा झाली. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. रॉथ यांनी आपली साक्ष उघडपणे, सहीनिशी दिली आणि त्या साक्षीचे वजन इतरांनी ठरविले. आतल्या माणसाची जागा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. तेथे त्याचे स्वागतच आहे. आपल्याच खटल्यात त्याने न्यायासनावर जाऊन बसू नये, एवढेच.

व्यापार आणि नियम

हौशी कर्मचाऱ्यांच्या पाठोपाठ व्यावसायिकही आले. पैसे घेऊन लेख लिहून देणाऱ्या ‘विकी-पीआर’ नावाच्या एका अमेरिकन कंपनीशी संबंधित अडीचशेहून अधिक बनावट खाती २०१३ साली बंद करण्यात आली. ऑगस्ट २०१५ मध्ये आणखी एक टोळी सापडली. तिची ३८१ खाती बंद झाली. तिची पद्धत अशी की, ज्यांचे लेख नाकारले गेले असतील अशा छोट्या व्यावसायिकांना व कलावंतांना गाठावयाचे, लेख छापून देण्याचे पैसे घ्यावयाचे, आणि मागाहून तो लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा पैसे मागावयाचे. आपल्यापैकी कोणालाही ‘डॉक्टरसाहेब, आपले विकिपीडिया पान करून देतो’ असा दूरध्वनी आला, तर हे प्रकरण स्मरावे.

या पार्श्वभूमीवर विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये आपल्या वापराच्या अटींत एक कलम घातले. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक कोण, ग्राहक कोण आणि संबंध कोणता, हे जाहीर केले पाहिजे. नोकरीचा भाग म्हणून केलेले संपादनही यात येते. अशा व्यक्तीने लेखात स्वतः बदल न करता चर्चापानावर आपला संबंध सांगून, आधार देऊन, बदलाची विनंती करावी, असा इंग्रजी विकिपीडियाचा संकेत आहे. अलीप्त संपादक ती विनंती तपासतो व योग्य वाटल्यास बदल करतो.

अर्थात हे सारे अखेर सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून आहे. विकिस्कॅनर काही वर्षांतच बंद पडला. आता तर खाते न उघडता लिहिणाऱ्यांचा आयपी पत्ता सर्वसामान्य वाचकाला दिसू नये, अशी तात्पुरत्या खात्यांची व्यवस्था आलेली आहे. खाजगीपणाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु २००७ सारखा आरसा पुन्हा कोणी धरील, ही शक्यता त्यामुळे मावळली. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालू आहे. तेथे लेखांवर लक्ष ठेवणारे हात इंग्रजीच्या तुलनेने फारच थोडे असल्याने पक्षपाती वाक्य दीर्घकाळ टिकून राहण्याचा धोका अधिक. त्यातच आता रुग्ण आपल्या शंका थेट संगणकीय संवादकांना विचारू लागले आहेत, आणि ही यंत्रे ज्या मजकुरावर शिकली त्यात विकिपीडियाही आहे. एका ठिकाणी पुसलेली ओळ अशा रीतीने अनेक ठिकाणी अनुत्तरित राहते.

आपल्या व्यवसायाला हे नवीन नाही

डॉक्टरांना हा विषय परका वाटू नये. शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला तरी स्वतःच्या मुलावर शस्त्रक्रिया करण्याचे टाळतो. त्याच्या कौशल्याविषयी कोणाला शंका नसते; हात थरथरेल, ही भीती असते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने १९८४ सालापासून लेखकांकडून आर्थिक हितसंबंधांचे निवेदन मागण्यास सुरुवात केली, आज कोणतेही प्रतिष्ठित नियतकालिक त्याशिवाय लेख स्वीकारीत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेने रुग्ण ओढण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करणे निषिद्ध मानले, आणि डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, सहली व आदरातिथ्य स्वीकारण्यास मनाई केली. स्वतःच्या रुग्णालयाचा लेख टोपणनावाने सजविणे हे या दोन्ही तत्त्वांच्या विरुद्ध जाते, हे सांगण्यास वेगळ्या कलमाची गरज नाही.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या रुग्णालयाच्या, आपण मानधन घेत असलेल्या कंपनीच्या, आपल्या गुरुजनांच्या वा स्वतःच्या लेखात हात घालू नये. चूक दिसल्यास चर्चापानावर आपला संबंध प्रथम सांगावा, मग आधार द्यावा आणि निर्णय दुसऱ्यावर सोपवावा. रुग्णालयाचे जनसंपर्काचे काम पाहणारी तरुण मंडळी उत्साहाच्या भरात लेख बदलत असतात. त्यांना हा नियम आपणच समजावून द्यावा, कारण बहुधा तो त्यांना कोणी सांगितलेला नसतो. आणि ज्या विषयात आपला स्वार्थ गुंतलेला नाही, तेथे मात्र अवश्य लिहावे. मधुमेह, सर्पदंश, क्षयरोग, बाळंतपणातील रक्तस्राव यांविषयी सोप्या मराठीत लिहू शकणारे हात आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत, आणि मराठी विकिपीडियाला त्यांची नितांत आवश्यकता आहे.

त्या वाक्याचे पुढे काय झाले

त्या सकाळच्या प्रश्नाला मी दोन दिवसांनी उत्तर दिले. मी विश्वस्त मंडळाचा सदस्य आहे, मी ते वाक्य काढावयास नको होते, असे चर्चापानावर लिहिले. मग आपली बाजू सिद्ध करावी म्हणून रुग्णालयाच्या कार्यालयातून मागील तीन वर्षांच्या नोंदवह्या मागविल्या. दुरुस्ती झाली होती, हे खरे. ती चार महिने चालली होती. परंतु त्याआधीच्या दोन्ही वर्षांतही विनामूल्य खाटांवर दाखल झालेल्या रुग्णांची संख्या ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमीच होती. कोणी मुद्दाम नाकारल्याचे दिसले नाही. अशा खाटा आहेत, हेच रुग्णांना कोणी सांगत नव्हते, आणि विचारले नाही तर देण्याची पद्धत नव्हती. बातमीदाराला दुरुस्तीविषयी ठाऊक नव्हते. पण मला माझ्याच रुग्णालयाविषयी ठाऊक नव्हते.

पुरावा म्हणून मी चर्चापानावर एवढेच दिले की, संस्थेने त्याच वृत्तपत्रात खुलासा प्रसिद्ध केला होता. त्या अपरिचित संपादकाने तो पडताळून मूळ वाक्यानंतर एक वाक्य जोडले : रुग्णालयाने यासाठी दुरुस्तीचे कारण दिले आहे. मूळ वाक्य तसेच राहिले.

पुढे काही महिन्यांनी देवासकडील एक शेतकरी आपल्या पत्नीला घेऊन आला. तिला मूत्रपिंडाचा विकार होता. त्याच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. शाळेत शिकणाऱ्या पुतण्याने विकिपीडियावरील ते पान छापून दिले होते आणि खाटांच्या वाक्याखाली पेनाने रेघ ओढली होती. कारकुनाने त्याला माझ्याकडे पाठविले. “साहेब, यात लिहिलं आहे की इथे गरिबांसाठी खाटा आहेत,” एवढेच तो म्हणाला. ‘देत नाहीत’ या भागाकडे त्याने लक्ष दिले नव्हते. तिला त्या दिवशी खाट मिळाली. पुढच्या बैठकीत मी नोंदवह्यांतील आकडे मंडळापुढे ठेवले. बरीच वादावादी झाली. परंतु विनामूल्य खाटा किती व त्यांपैकी आज रिकाम्या किती, हे सांगणारा फलक बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी लागला.

मी पुसलेले वाक्य पुसलेलेच राहिले असते, तर तो कागद त्याच्या हाती आला नसता, हे मला अनेकदा आठवते. विश्वस्त मंडळातून मी आता निवृत्त झालो आहे. लेखात ते वाक्य आजही आहे. त्यास मी पुन्हा हात लावलेला नाही.